क्लिपखालचं कुंकू

हिगाशी-कसाई, तोक्यो
२० मे २०१८

ती. बाबांना नमस्कार.

पेन पोचलं. ठाण्याहून परतलेल्या शशांकने विमानतळावरून थेट घरी आणून दिलं. चिवड्याच्या पिशवीत, तुमच्या जुन्या पायमोज्यात गुंडाळलेलं. सोबत चिठ्ठी होती, आईच्या अक्षरात: "ह्यांनी सांगितलंय, तिकडे एखाद्या चांगल्या लिहिणाऱ्याला विकून टाक. इथे कुणाला किंमत नाही." इतक्या वर्षांनी तुमचा निरोप आला, तोही आईकडून लिहवून घेतलात. दोन ओळी स्वतः लिहिल्या असत्यात तर निब झिजली नसती. असो. मी भांडायला बसलेली नाही.

फोनवर तुम्ही येत नाही. रविवारी आईशी बोलताना मागून तुमचा खोकला तेवढा ऐकू येतो. मी ठाण्याला आले की तुम्हाला नेमकं बँकेत काम निघतं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. म्हणून पत्र लिहिते आहे. माझी पत्रं तुम्ही वाचता, असं आई म्हणते. खरं-खोटं ती जाणे.

पेन पाहिलं आणि आपण ओसाकाला राहायचो तेव्हाचं ते दुकान आठवलं. कंपनीचा पहिला बोनस हातात आला तेव्हा तुम्ही आम्हाला घेऊन गेलात. मी काचेवर नाक लावून उभी. मला सोनेरी नक्षीची पेनं आवडली होती आणि तुम्ही हे घेतलंत, नुसत्या काळ्या लाखेचं, एक रेघ नसलेलं. "नक्षी बघणाऱ्यासाठी असते, हे लिहिणाऱ्यासाठी आहे," असं म्हणाला होतात. माझ्या प्रगतिपुस्तकांवर ह्याच पेनाच्या सह्या आहेत, शेरे चांगले नसतानाही.

मग हे आता का विकताय, हा प्रश्न मी विचारणार नाही. जपानशी उरलेलं शेवटचं नातंही तुम्हाला घराबाहेर काढायचं असेल. मार्च २०११च्या भूकंपानंतर तुम्ही तिकीट पाठवलंत आणि मी आले नाही. ईश्वरी तेव्हा अंगावर पिणारी होती. "त्या पोरीला काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस," असं तुम्ही म्हणालात. तिला काही झालं नाही. आता ती दुसरीत आहे, काल पेन बघून जपानीत विचारत होती, हे आजोबांचं का, आणि मी हात लावू का. मी लावू दिला नाही. तुमचीच मुलगी आहे मी.

तर व्यवहाराचं. इथे मोबाइलवरून जुन्या वस्तू विकायची सोय आहे. घेणारा पैसे आधी त्या कंपनीकडे भरतो. वस्तू हातात पडली, ठीक आहे असं त्याने कळवलं, की मग कंपनी पैसे मला देते. म्हणजे तुमच्या भाषेत एलसीच, लेटर ऑफ क्रेडिट. माल पोचल्याशिवाय पैसा सुटत नाही. तुम्हाला पसंत पडेल. "उल्काला व्यवहार कळत नाही" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. ह्या वेळी नीट करून दाखवते.

तुमची,
उल्का


३ जून २०१८

ती. बाबा,

पेन विकलं गेलं. फोटो टाकले त्याच दिवशी संध्याकाळी. घेणाऱ्याचं नाव मिझुतोरी, म्हणजे पाणपक्षी. खरं नाव नव्हे. तिथे सगळे असलीच नावं घेतात. पेनाला टोपण आणि गिऱ्हाइकाला टोपणनाव. पत्ताही कळत नाही, चोवीस तास उघड्या असणाऱ्या कोंबिनी दुकानात पार्सल दिलं की बाकीचं ते बघतात. मी बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये इतकं गुंडाळलं की तुमचा जावई प्रसन्न म्हणाला, "पेन पाठवतेयस की नवजात बाळ?"

पाठवण्याआधी शाई भरून एकदा लिहून पाहिलं. "श्री" काढली. निब तुमच्या हाताच्या कलाने झिजलेली आहे, पेन आपोआप तिरकं धरलं जातं. मग धुऊन, पुसून ठेवलं.

पार्सल पोचल्यावर मिझुतोरींचा निरोप आला. टोपणाच्या क्लिपखाली तांबडा-पिवळा डाग आहे, वर्णनात त्याचा उल्लेख नाही, पुसूनही जात नाही, लाखेतच मुरलाय, तेव्हा किंमत कमी करा. खाली फोटो. मला हसू आलं. अहो, दर दसऱ्याला आईने पूजेत ठेवलेलं पेन, हळदकुंकू लागलेलं असणारच. मला ते फोटो काढताना दिसलंच नाही. म्हणजे दिसलं, पण डाग म्हणून दिसलं नाही. देवाच्या पाटावरच्या कुंकवाला डाग कोण म्हणतं?

मी उत्तर पाठवलं. ओसाकात तुम्ही शिकवलेलं तसंच: आधी माफी मागायची, मग काय ते बोलायचं. आपल्याला त्रास झाला ह्याबद्दल मनापासून क्षमा मागते, असं लिहून सांगितलं की ही पूजेची पावडर आहे, लाखेला काही झालेलं नाही आणि किंमत एक येनही कमी होणार नाही. कुंकवाचे पैसे कापून घेणारा अजून जन्मायचाय.

बाकी सगळं ठीक आहे. पैसे येतील.

उल्का


२४ जून २०१८

ती. बाबा,

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मागच्या पत्रात "बाकी सगळं ठीक आहे" असं लिहिलं ते खरं नव्हतं. ते लिहीत होते तेव्हा मिझुतोरीचा दुसरा निरोप येऊन पडलेला होता आणि मला वाटत होतं की तुम्हाला पत्र मिळेपर्यंत मी निस्तरून टाकीन.

दुसऱ्या निरोपात त्याने टोपणाच्या कडेचा अगदी जवळून फोटो पाठवला. कडेला तडा, केसाएवढा पण लांब. हा आधीपासून होता, तुम्ही लपवलात, पेन परत घ्या, असं म्हणत होता. बाबा, तुमच्या पेनाला तडा नव्हता. मी ते टोपण बोटाने फिरवून फिरवून पाहिलं होतं. आणि पुढे काय लिहिलं होतं माहितेय? "विक्रेत्याने आधीच माफी मागितली आहे, म्हणजे दोष त्यांना मान्य आहे." तुमचा तो ओसाकाचा शिष्टाचार उलटा माझ्याच गळ्यात आला.

कंपनीला कळवलं. त्यांचं अतिशय नम्र उत्तर आलं, की दोघांनी आपसात बोलून ठरवावं. मला वाटलं, घेऊ परत, पेन हातात आलं की कळेलच तडा आहे की नाही. पार्सल आलं. ओट्यावर ठेवून ईश्वरीच्या कात्रीने उघडलं. टोपणाला तडा होता. एक क्षण मला वाटलं, माझ्याच हातून झालं असेल का? मग शाई भरून "श्री" काढायला गेले तर निब कागदावर खरवडली. तुमच्या पेनाने असं कधी केलेलं नाही. त्याने त्याचं फुटकं पेन मला पाठवलं आणि तुमचं ठेवून घेतलं. नुसतं काळं पेन, ना नक्षी ना नंबर. एकासारखं एक.

ऑफिसात, कावासाकीला, शेजारच्या टेबलावर होनमा-सान नावाच्या बाई बसतात. त्यांना सांगितलं. त्यांनी दातांतून हवा आत ओढली, इथले लोक वाईट बातमीला ओढतात तशी. "उघडतानाचा व्हिडिओ काढलात ना?" नाही काढला. "मग तुमच्याकडे पुरावा नाही." हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं, बिचाऱ्यांना माझीच लाज वाटत असावी.

स्टेशनजवळच्या पोलीस चौकीत गेले. पोलिसाने बसायला खुर्ची दिली, नाव काताकाना लिपीत लिहून घेतलं, सगळं ऐकलं आणि म्हणाला की हा दोन व्यक्तींमधला व्यवहार आहे, आम्हाला त्यात पडता येत नाही. चोराच्या उलट्या बोंबा आणि मी खुर्चीवर.

पैसे अजून कंपनीकडेच अडकलेत. पण पैशांचं मला काही वाटत नाही. तुम्ही माझ्यावर एक काम सोपवलंत. सात वर्षांत एकच. आणि मी तुमचं पेन घालवलं. तुम्ही काय म्हणाल ते मला आत्ताच ऐकू येतंय. म्हणा. फोनवर येऊन म्हणा, हवं तर.

उल्का


८ जुलै २०१८

ती. बाबा,

आईने आज फोनवर तुमचा निरोप दिला: "जाऊ दे म्हणावं. पेन गेलं तर गेलं. तिला म्हणावं, जिवाला त्रास करून घेऊ नकोस."

मी दोनदा विचारलं, नक्की असंच म्हणाले का. नक्की असंच, ती म्हणाली.

बाबा, मी शिव्यांच्या तयारीत बसले होते. "सांगितलं होतं", "कळत नाही तर कशाला पडायचं", "जपानात राहून जपानी लोक कळले नाहीत". सगळ्यांची उत्तरं तयार होती, काही तर फारच चांगली होती. आणि तुम्ही म्हणता, जाऊ दे?

ओसाकाला त्या नूडल्सच्या दुकानातून कुणीतरी तुमची छत्री उचलून नेली होती, आठवतं? तसलीच काळी छत्री तिथे उरलेली, आई म्हणत होती हीच घ्या आणि चला, पोरगी पेंगतेय. तुम्ही ती छत्री हातात धरून दारात उभे राहिलात. तो माणूस परत येईपर्यंत. तो आलाही, वाकून वाकून माफी मागितली, आणि तुम्ही त्याची छत्री त्याला अशी दिलीत की जणू तुमचीच चूक होती. घरी येताना मला म्हणालात, "उल्का, प्रश्न छत्रीचा नसतो." आता त्याच माणसाच्या तोंडून "जाऊ दे"?

तुम्हाला राग आला असता तर बरं वाटलं असतं. मला भीती वाटली. काय झालंय तुम्हाला? आईला विचारलं तर ती कूकरच्या शिट्टीचं निमित्त करून फोन ठेवायला लागली. आमच्याकडे संध्याकाळचे सात वाजले होते, म्हणजे ठाण्यात साडेतीन. साडेतीनला कुणाच्या घरी कूकर असतो?

पुढच्या रविवारी मी तिला सोडणार नाही.

उल्का


१५ जुलै २०१८

ती. बाबा,

आईवर चिडू नका. तिने आपणहून काही सांगितलं नाही. मी तिला रडवलं आणि काढून घेतलं.

हात कापतो हे मला सांगितलं असतंत तर मी काय तुम्हाला हसले असते? दीड वर्ष झालं, आई म्हणाली. आधी चहाचा कप, मग शर्टाची बटणं. मग बँकेने चेक परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून, आणि तुम्ही घरी येऊन पेन पायमोज्यात घालून कपाटात ठेवलंत. आणि मी चिठ्ठी बघून म्हटलं, दोन ओळी लिहिल्या असत्यात तर निब झिजली नसती. बाबा, मला माहीत नव्हतं. ते वाक्य तुम्ही वाचलंत हे आठवलं की अंगावर काटा येतो. मला माफ करा. ही जपानी माफी नव्हे, मराठी आहे.

मला वाटत होतं, तुम्ही जपानला घराबाहेर काढताय. तुम्ही तर लिहिणाऱ्याच्या हातात पेन द्यायला निघाला होतात. आणि ते द्यायला तुम्हाला मी आठवले, हेही माझ्या डोक्यात आलं नाही.

आता पुढचं ऐका. रडता रडता आई म्हणाली, "अगं, गेल्या दसऱ्याला हे पूजेला बसले. पेनाला कुंकू लावायला गेले आणि हात असा हलला की कोयरीच पेनावर पालथी झाली. मी पुसायला गेले तर माझ्या हातातून हिसकावून घेतलं. तसंच पेटीत ठेवलं."

मी म्हटलं, "कुठे सांडलं कुंकू?"

"क्लिपवर की गं. सगळं क्लिपच्या खाली गेलं."

मी फोन तसाच प्रसन्नच्या हातात दिला आणि ते फुटकं पेन काढलं. क्लिपखाली बघितलं. स्वच्छ. टाचणीला कापूस लावून आत फिरवला, पांढरा कापूस पांढराच बाहेर आला. इतके दिवस मी तडा बघत बसले होते, निब बघत बसले होते. कुंकू नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही, कारण ते असताना तरी कुठे लक्षात आलं होतं?

मग मिझुतोरीचा पहिला निरोप उघडला. त्याच्याच हातचं लिहिलेलं: डाग पुसूनही जात नाही, लाखेतच मुरलाय. खाली त्यानेच काढलेला फोटो. त्यात आख्खं टोपण आहे, वर क्लिपखाली तांबडी रेघ आणि खाली कड, धडधाकट, तडा नसलेली. पार्सल मिळाल्या दिवशीचा फोटो आहे तो! आधी कुंकवाच्या नावाने चार पैसे सुटतात का बघितलं, सुटले नाहीत तेव्हा फुटकं पेन काढलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

प्रसन्नने माझ्या शेजारी बसून जपानी तपासलं. कंपनीला लिहिलं की घेणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे न जाणारा डाग परत आलेल्या पेनावर नाही, त्याचा फोटो हा, माझा फोटो हा. ह्या वेळी सुरुवातीला माफी मागितली नाही. प्रसन्न म्हणाला, उद्धट वाटतंय. मी म्हटलं, वाटू दे.

आता वाट बघणं आलं. पण बाबा, मी "जाऊ दे" म्हणणार नाही. छत्री धरून दारात उभी आहे असं समजा.

गोळ्या वेळेवर घ्या. डॉक्टर काय म्हणाले ते मला सगळं हवंय, आईने गाळून सांगितलेलं नको.

उल्का


५ ऑगस्ट २०१८

ती. बाबा,

पेन माझ्या हातात आहे. हेच, आपलं.

कंपनीने मिझुतोरीला काय लिहिलं ते मला कळवलं नाही. पण दोन दिवसांत त्याचा निरोप आला, इतका गोड की वाचून दात किडावेत. त्याच्याकडे तसलीच दोन पेनं आहेत म्हणे, परत पाठवताना हातून गल्लत झाली, अत्यंत दिलगीर आहे. गल्लत! मी त्याला उत्तर लिहिलं की आपली गल्लत समजली, आपलं फुटकं पेनही परत पाठवते आहे, टपालखर्च आपल्याकडून. होनमा-सानना दाखवलं तर त्या तोंडावर रुमाल धरून हसल्या. बारा वर्षांत त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पार्सल ऑफिसातच उघडलं. होनमा-सान मोबाइल धरून उभ्या, मी कात्री घेऊन. टोपणावर तडा नाही. क्लिपखाली तांबडी रेघ. होनमा-साननी विचारलं, हे नक्की कसलं असतं? मी म्हटलं, माझ्या वडिलांचा हात हलला होता. आणि मग ऑफिसात, सगळ्यांसमोर, मला रडू आलं. तिथे कुणी रडत नाही. त्यांनी मोबाइल खाली ठेवला आणि माझ्यासाठी बार्लीचा गार चहा आणला.

आज आईने तुमचा नवा निरोप दिला: "मिळालं ना? आता स्वच्छ करून परत विकायला टाक. ह्या वेळी व्हिडिओ काढ." म्हणजे तुमचा जुना खाक्या परत आला तर. ऐकून फार बरं वाटलं.

पण मी विकणार नाही. तुम्ही बोलावलंत तेव्हा मी आले नाही, ही माझी पहिली अवज्ञा. ही दुसरी समजा. त्या वेळचं मी अजूनही चूक मानत नाही, हे मोकळेपणी सांगते. इथले लोक राहिले, माझं काम इथे होतं, मला पळता आलं नाही. तुम्हीही तुमचं चूक मानू नका. नातीसाठी जीव टांगणीला लागला होता तुमचा, मला काय कळत नाही? आपण दोघं बरोबर होतो आणि त्यातच सात वर्षं घालवली.

आम्ही ऑक्टोबरात येतोय. ईश्वरीही. ती जपानीत बोलेल, तुम्ही तुमच्या ओसाकाच्या जपानीत बोला, तिला ते ऐकून गंमत वाटेल. पेन मी टपालाने पाठवत नाही, शशांककडेही देत नाही. माझ्या पर्समधून येईल. आणि त्या दिवशी बँकेत काम काढलंत तर मी बँकेत येईन.

तोवर ह्या पत्राचं उत्तर हवंय. आईकडून लिहवून घ्यायचं नाही. घरात बॉलपेन असेल, पेन्सिल असेल, कशानेही. एक ओळ पुरे. अक्षर ओळीखाली गेलं, वर गेलं, कागद फाटला, तरी पाठवा. माझी पहिलीतली वही तुम्ही वाचायचात ना, मग मला तुमचं वाचता येणार नाही का?

आणि मी आले की ह्या पेनाने माझ्यासमोर बसून लिहा. हात हलला तर हलू दे. कागद मी धरीन.

तुमची,
उल्का